टर्बोचा नकाशा कसा वाचावा?
(विज्ञान मंडळाचा पाठ : इयत्ता नववी-दहावीसाठी, आणि ज्यांच्या घरी गाडी आहे त्या सर्वांसाठी)



निपाणी सोडून बेळगावकडे निघाले की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. एस.टी.तून जाताना आपण खिडकीतून खाली पाहतो. पण भरलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरचे लक्ष दरीकडे नसते, इंजिनाच्या आवाजाकडे असते. या वेळचा पाठ अशाच एका आवाजापासून सुरू झाला, आणि तो आवाज आम्हांला आलेखाच्या कागदापर्यंत घेऊन आला.

झाले असे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा मालट्रक आहे. कर्ज काढून घेतलेला, कोल्हापूर-बेळगाव फेऱ्या करणारा. त्या ट्रकवरचे ड्रायव्हर हेही आमचेच पालक. त्यांची मुलगी त्याच वर्गात शिकते. गाडीचा जुना टर्बो गेला म्हणून एका गॅरेजमध्ये दुसरा बसवून घेतला. तेव्हापासून घाट चढताना बोनेटखालून फडफड ऐकू येऊ लागली. पारव्यांचा थवा एकदम उडावा तशी. काही महिन्यांत गाडी निळा धूर सोडू लागली, तेल खाऊ लागली, आणि तो नवा टर्बोही खराब झाला. गॅरेजवाल्याने सांगितले, "ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही." मालकांनी दुरुस्तीचा खर्च पगारातून हप्त्याहप्त्याने कापायचे ठरवले. दोन्ही मुले वर्गात एकमेकांशी बोलेनाशी झाली, तेव्हा ही गोष्ट आमच्या कानांवर आली.

भांडण सोडवणे हे विज्ञान मंडळाचे काम नव्हे. पण चूक कोणाची, हे मोजून पाहता येते का, हा प्रश्न मात्र विज्ञानाचाच होता.

टर्बो करतो काय?

इंजिनात डिझेल जळते ते हवेच्या आधाराने. जितकी हवा जास्त, तितके जास्त डिझेल नीट जळू शकते आणि तितकी ताकद जास्त मिळते. साधे इंजिन आपल्या ताकदीने हवा ओढून घेते. टर्बो असलेल्या इंजिनात हवा दाबून भरली जाते.

लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. भाता चालवायला माणूस लागतो. टर्बोचा भाता चालवते ती सायलेन्सरकडे वाया जाणारी गरम हवा. ती एका चाकावर आदळते; या चाकाला टर्बाइन म्हणतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असते, तो कॉम्प्रेसर. टर्बाइन फिरले की कॉम्प्रेसर फिरतो, बाहेरची हवा मधोमध ओढून कडेला फेकतो आणि दाबाने इंजिनाकडे पाठवतो. ट्रकच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो. तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तो तरंगत असतो, म्हणून तेल स्वच्छ असण्याला एवढे महत्त्व.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेले आणि विरळ हवेत गेलेली ताकद टर्बोने परत मिळवता येते, हे दाखवून दिले.

उंचीचा प्रश्न आपल्यालाही आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, तर आपल्याकडे सुमारे ९२. म्हणजे चोर्ला घाट चढून गोव्याहून वर आलेल्या साध्या इंजिनाला प्रत्येक श्वासात सुमारे ९ टक्के हवा कमी मिळते.

नकाशाची ओळख

प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा असतो. कारखान्यात तो कॉम्प्रेसर वेगवेगळ्या वेगांनी फिरवून, मोजमापे घेऊन तो काढतात. भूगोलाचा नकाशा गाव कोठे आहे ते सांगतो. हा नकाशा कॉम्प्रेसर कोठे सुखाने काम करतो ते सांगतो.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह मांडा, म्हणजे दर सेकंदाला किती किलोग्रॅम हवा जाते ते. उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर मांडा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा दाब. गुणोत्तर २ असेल तर दाब दुप्पट झाला. या कागदावर चार गोष्टी दिसतात.

पहिली, वेगाच्या रेषा. एकाच वेगाने फिरणाऱ्या चाकाचे सर्व बिंदू जोडले की डावीकडून उजवीकडे जाणारी आणि शेवटी खाली झुकणारी एक रेषा मिळते. वेग वाढला की रेषा वर जाते.

दुसरी, कार्यक्षमतेची वलये. राजहंसगडाचा नकाशा काढताना आपण समोच्च रेषा काढतो, टेकडीचा माथा सर्वांत आतल्या वलयात येतो. इथेही तसेच. सर्वांत आतल्या वलयात कॉम्प्रेसर सर्वांत कमी ताकद वाया घालवतो. बाहेरच्या वलयांत हवा दाबली तर जातेच, पण जास्त तापते. एक उदाहरण : ३० अंशांची हवा दुप्पट दाबाने दाबली आणि कार्यक्षमता ७२ टक्के असली, तर ती सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली तर तीच हवा सुमारे १४० अंशांवर जाते. तापलेली हवा पसरते, म्हणून कॉम्प्रेसरनंतर इंटरकूलर लावून ती थंड करतात.

तिसरी, उजवीकडची हद्द. इथे हवेचा प्रवाह इतका वाढलेला असतो की वाट अपुरी पडते. चाक आणखी जोरात फिरवले तरी हवा फारशी वाढत नाही. याला चोक म्हणतात.

चौथी, डावीकडची तिरकी रेषा. हिला सर्ज रेषा म्हणतात. आपल्या गोष्टीतली फडफड या रेषेजवळची आहे.

सर्ज म्हणजे काय?

यमगर्णीकडे वेदगंगेच्या काठाने गेलात तर शेतीला पाणी उचलणारे पंप दिसतील. पंपाचे चाक आणि कॉम्प्रेसरचे चाक नात्याने भाऊच : दोघेही मधोमध घेतात आणि कडेला फेकतात. पंप चालू असेपर्यंत पाणी वर चढते. पंप बंद झाला आणि झडप नीट बसली नाही, तर पाइपातले सगळे पाणी उलटे नदीकडे धावते.

कॉम्प्रेसरच्या पुढच्या पाइपातही दाबलेली हवा साठलेली असते. ती सतत मागे यायला पाहते. चाक तिला पुढे रेटत असते. प्रवाह भरपूर असेल तोवर हवा पात्यांना चिकटून सरळ वाहते. पण पुढे जायला जागा कमी झाली आणि दाब मात्र तसाच राहिला, तर हवा पात्यांवर चुकीच्या कोनातून येते, पात्यांपासून सुटते, आणि चाकाची रेटण्याची शक्ती एकाएकी ढासळते. साठलेली हवा उलटी फिरते. ती मागे आली की पाइपातला दाब उतरतो. दाब उतरला की चाकाला पुन्हा जोर येतो आणि हवा पुढे जाते. पुन्हा दाब साठतो, पुन्हा हवा उलटते. सेकंदाला अनेक वेळा हे चालते. फडफड ऐकू येते ती याचीच.

पंपाच्या उदाहरणात एक फरक लक्षात ठेवा. पाणी दबत नाही, हवा दबते. हवा स्प्रिंगसारखी साठते आणि सुटते, म्हणून पंप चालू असतानाही कॉम्प्रेसरमधली हवा उलटू शकते.

प्रत्येक उलटीबरोबर दांड्याला मागे-पुढे हिसका बसतो. तो हिसका थ्रस्ट बेअरिंग झेलते. एखाद-दुसऱ्या वेळी काही होत नाही, पण दररोज घाटात असे झाले तर बेअरिंग झिजते, दांडा हलू लागतो, तेल हवेच्या बाजूला झिरपते, आणि शेवटी चाक आपल्याच घराला घासते. निळा धूर आणि तेल खाणे, या दोन्हींचा अर्थ आता कळला असेल.

पेट्रोलच्या टर्बोगाड्यांत सर्ज दुसऱ्या रीतीनेही होतो. जोरात जाताना पाय एकदम काढला की इंजिनाकडचे दार मिटते आणि येणाऱ्या हवेला वाट उरत नाही. त्यासाठी त्या गाड्यांना साठलेली हवा सोडून देणारी झडप असते. आपल्या ट्रकच्या गोष्टीत तसे दार नव्हते, तरी सर्ज झाला. तो कसा?

आपल्या गाडीचा हिशेब

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांला दोन नकाशे मिळवून दिले : एक त्या इंजिनाला नेमून दिलेल्या टर्बोचा, दुसरा गॅरेजमध्ये बसवलेल्या टर्बोचा. टर्बोवरच्या पट्टीवरचा नंबर वाचताच एक गोष्ट उघड झाली. बसवलेला टर्बो जास्त ताकदीच्या इंजिनाचा होता आणि त्याचे कॉम्प्रेसरचे चाक मोठे होते. "मोठा टर्बो, मोठी ताकद" या समजुतीने तो बसवला गेला असावा.

आता हिशेब करू. आकडे पाठासाठी सोपे केले आहेत.

इंजिन ५.९ लिटरचे, चार स्ट्रोकचे. दर दोन फेऱ्यांत ते एकदा भरते. घाटात वरच्या गियरमध्ये, फेरे मिनिटाला १२०० असताना, ते मिनिटाला ६०० वेळा भरेल. ६०० गुणिले ५.९ म्हणजे ३५४० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ९० टक्के धरू, म्हणजे सुमारे ३१९० लिटर. सेकंदाला सुमारे ५३ लिटर, म्हणजे ०.०५३ घनमीटर.

बाहेरचा दाब ९२ किलोपास्कल, एअर फिल्टर पार करून ९०. गुणोत्तर २, म्हणून पुढे १८०. इंटरकूलरनंतर हवा ५० अंशांची धरू. तिथे होणारी दाबाची थोडी घट सोडून देऊ. अशा एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.९४ किलोग्रॅम. म्हणून प्रवाह ०.०५३ गुणिले १.९४, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.१०३ किलोग्रॅम.

एक पायरी राहिली. नकाशा काढणाऱ्याने १०० किलोपास्कल दाबाची हवा धरलेली असते, आपली ९० ची. म्हणून ०.१०३ ला ०.९ ने भागायचे. तापमानाची किरकोळ दुरुस्ती धरून ०.११५ येते. हा आकडा नकाशावर मांडायचा.

नेमून दिलेल्या टर्बोच्या नकाशावर, गुणोत्तर २ असताना, सर्ज रेषा ०.०८ वर होती. आपला बिंदू ०.११५, म्हणजे रेषेच्या उजवीकडे, सुरक्षित. बसवलेल्या टर्बोच्या नकाशावर त्याच उंचीला सर्ज रेषा ०.१३ वर होती. तोच बिंदू आता रेषेच्या डावीकडे गेला. घाटातली फडफड कागदावर दिसू लागली.

कोण चुकले?

मुलांनी पुढचा प्रश्न आपणहून विचारला : हाच घाट खालच्या गियरमध्ये चढला असता तर? फेरे १८०० धरले की प्रवाह त्याच प्रमाणात वाढून सुमारे ०.१७३ होतो. मोठ्या टर्बोवरही हा बिंदू सर्ज रेषेच्या उजवीकडे येतो.

म्हणजे ड्रायव्हरने वेळेवर गियर टाकला असता तर फडफड झाली नसती, हेही खरे. तो का टाकला नाही, असे विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, "सर, मालक रोज अॅव्हरेज विचारतात. वरच्या गियरला डिझेल वाचतं असं वाटतं. जुन्या टर्बोवर मी हीच गाडी याच गियरला इतकी वर्षे चढवली, कधी आवाज आला नाही." नकाशाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. नेमून दिलेला टर्बो त्यांची सवय सांभाळून घेत होता, बसवलेला घेत नव्हता.

दोन्ही पालकांना आम्ही शाळेत बोलावले. फळ्यावर दोन्ही नकाशे काढून दाखवले ते मुलांनी. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. मालकांच्या मुलानेच ०.११५ चा बिंदू मांडला, आणि ड्रायव्हरकाकांच्या मुलीने सर्ज रेषा ओढली. मालक बराच वेळ फळ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "नंबर बघून घ्यायला पाहिजे होता मी. पगाराचं राहू द्या." ड्रायव्हर म्हणाले, "मीही यापुढे घाटात आधी गियर टाकीन, मालक." झालेला खर्च मालकांना सोसावाच लागला, कर्जाचे हप्ते चालूच आहेत. पण कापलेला पहिला हप्ता त्यांनी परत केला, आणि आता गाडीवर योग्य नंबरचा टर्बो आहे.

पालकांसाठी चार गोष्टी

टर्बो बदलताना पट्टीवरचा नंबर इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. नुसता बसतो म्हणून बसवू नये. चढावर इंजिन दमत असेल तर वेळेवर खालचा गियर टाकावा. एअर फिल्टर, हवेचे पाइप आणि इंटरकूलर स्वच्छ ठेवावेत. वाट अडली की टर्बोला तेवढ्याच कामासाठी जास्त झिजावे लागते. आणि फडफड ऐकू आली तर ती "टर्बोची मजा" समजू नये. गाडी तक्रार करीत आहे, असे समजावे.

शेवटी थोडेसे

बेळगावला यंत्रांची परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाचित्रे शिकवीत. १८८८ साली सुरू झालेल्या त्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातल्या सायकलींच्या दुकानाने झाला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर इथेच आकाराला आले. पुढे १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. चित्र काढता आणि वाचता येणारा माणूस यंत्राशी बोलू शकतो, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. आज उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फाउंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये आपल्या अनेक पालकांचे हात राबतात. त्या हातांना आलेख वाचणारे डोळे मिळावेत, एवढीच या पाठामागची इच्छा.

"मराठी माध्यमातल्या मुलांना हे झेपेल का?" असे आम्हांला अधूनमधून विचारले जाते. या पाठात गुणाकार, भागाकार, गुणोत्तर आणि आलेख यांपलीकडे काहीही नव्हते, आणि ते सर्व मुलांनी आपल्याच भाषेत केले. सर्ज, चोक, टर्बो हे शब्द आले तसे घेतले. अर्थ मात्र घरच्या शब्दांत समजून घेतला. विश्वस्त मंडळास आमची एक नम्र विनंती आहे : निकामी झालेला तो टर्बो मालकांनी शाळेला भेट दिला आहे. त्याचे घर कापून, आतली दोन्ही चाके दिसतील असे करून, प्रयोगशाळेत ठेवण्यासाठी एका काचेच्या कपाटाची सोय व्हावी.

स्वाध्याय

१. वरच्याच गाडीचे फेरे १५०० असतील, तर नकाशावरचा प्रवाह किती? मोठ्या टर्बोवर तो बिंदू सर्ज रेषेच्या कोणत्या बाजूला पडेल?

२. एअर फिल्टर तुंबल्यामुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दाब ९० ऐवजी ८४ किलोपास्कल झाला. पुढचा दाब १८० च राखायचा, तर गुणोत्तर किती होईल?

३. भूगोलातील समोच्च रेषा आणि कॉम्प्रेसरच्या नकाशातील वलये यांतील एक साम्य आणि एक फरक लिहा.

४. घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या टर्बोवरील नंबर, इंजिन बंद आणि थंड असताना, मोठ्यांच्या मदतीने वाचून वहीत टिपा.

उत्तरे : (१) सुमारे ०.१४४, रेषेच्या उजवीकडे, पण अगदी जवळ. (२) सुमारे २.१४. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या वह्या विज्ञान मंडळाकडे आणून द्याव्यात. चुकले तरी चालेल, मोजले पाहिजे.